अ‍ॅप करू का? आधी महिनाभर वही लिहा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पुण्याच्या कसब्यात तांबट आळीजवळ तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान, तुमची तिसरी पिढी. वडील गल्ल्यावर बसतात, तुम्ही हिंजवडीची नोकरी सांभाळून रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डरी बघता. एका कंपनीने अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींसाठी अ‍ॅप करून द्यायचे साडेचार लाख सांगितलेत. त्यांचं म्हणणं, सगळा व्यापार मोबाइलवर गेलाय, आता नाही केलंत तर मागे पडाल. वडिलांचं म्हणणं, डोंगरातल्या वेल्ह्याच्या गिऱ्हाइकाचा साधा फोन लागत नाही, तो अ‍ॅप काय उघडणार? आणि तुम्हाला जाणून घ्यायचंय की मोबाइलवरच्या खरेदीची मागणी खरंच एवढी वाढली आहे का.

वाढली आहे, यात वाद नाही. देशभरात महिन्याला होणारे यूपीआय व्यवहार ऑक्टोबर २०१९ मध्ये पहिल्यांदा १०० कोटींवर गेले, ऑगस्ट २०२३ मध्ये १,००० कोटींवर आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २,००० कोटींवर. पण हा आकडा दाखवून तुम्हाला कोणी अ‍ॅप विकत असेल तर जरा थांबा. यातले कितीतरी व्यवहार चहा, भाजी, रिक्षा आणि मित्राचे उसने पैसे यांचे आहेत. तुमच्या घंगाळाची, म्हणजे अंघोळीच्या पाण्याच्या त्या मोठ्या भांड्याची, मागणी यावरून कळत नाही. ती तुमच्या फोनमध्ये आधीच येऊन पडलेली आहे: ज्यांनी फोटो मागवला, भाव विचारला आणि पुढे गप्प झाले त्यांच्यात. ते कुठल्या पायरीवर गळले, एवढंच शोधायचं आहे.

मी २००२ पासून पुण्यात याच धंद्यात आहे. सुरुवात कॉलर ट्यून आणि एसएमएसवरच्या सेवांपासून झाली, मग बँकांच्या मोबाइल सेवा, मग पेमेंट गेटवे, म्हणजे दुकानाला ऑनलाइन पैसे घेऊन देणारी सेवा, जोडून देणं. गेली सात-आठ वर्षं मुख्यतः छोट्या दुकानदारांचं काम करते. त्यामुळे मोठ्या कंपन्यांचं गणित माझ्याकडून अपेक्षित करू नका, आणि माझ्या मताला तेवढा कल आहे हेही धरून चाला.

थोडं मागे जाते, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथे आहे. जपानमध्ये एनटीटी डोकोमोने फेब्रुवारी १९९९ मध्ये आय-मोड सुरू केलं. वेग होता ९.६ केबीपीएस. आज एवढ्या वेगात एक धड फोटो उघडणार नाही. तरी लोकांनी त्यावर बातम्या, तिकिटं, रिंगटोन विकत घेतले. कारण पैसे फोनच्या बिलात लागायचे, आणि कंपनी त्यातले फक्त ९ टक्के स्वतःकडे ठेवून बाकी सेवा देणाऱ्याला द्यायची. केनियात मार्च २००७ मध्ये एम-पेसा सुरू झालं ते साध्या फोनवर, सिमकार्डातल्या मेनूवर आणि एसएमएसवर. दोन्हीकडे नेटवर्क यथातथाच होतं. पण निरोप छोटा होता आणि पैसे पोचले की नाही हे दोन्ही बाजूंना निश्चित कळत होतं.

आपल्याकडे त्याच काळात आम्ही काय करत होतो? महिना तीस रुपयांच्या कॉलर ट्यून विकत होतो. त्यातला अर्ध्याहून जास्त वाटा टेलिफोन कंपनीचा. वर चुकून एक बटण दाबलं की सेवा चालू व्हायची आणि बॅलन्स कापला जायचा. तक्रारी इतक्या वाढल्या की २०१३ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने अशा सेवा सुरू करण्याआधी गिऱ्हाइकाची दुसऱ्यांदा संमती घेणं सक्तीचं केलं. मी त्या धंद्यात होते, त्यामुळे हात झटकत नाही. पण आजही साठीच्या पुढचं गिऱ्हाईक पैसे भरायच्या पानावर येऊन थबकतं त्यामागे ती जुनी ‘आपोआप पैसे कापले’ची भीती असते. तुमचं गिऱ्हाईक बहुतेक त्याच वयाचं आहे. घंगाळ आणि बंब कोणाला आठवतात ते बघा ना.

मग वाढ कशाने झाली? दोन गोष्टी एकाच वर्षात आल्या. एप्रिल २०१६ मध्ये यूपीआयची घोषणा झाली आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं. त्याआधी एक जीबी डेटाला अडीचशे रुपयांच्या आसपास मोजावे लागत, ते काही वर्षांत दहा-पंधरा रुपयांवर आलं. मधे नोव्हेंबरात नोटबंदीही झाली. लोक सगळं श्रेय तिला देतात, मला ते पटत नाही. नोटा परत आल्यावर आमच्याकडचे बरेच दुकानदार पुन्हा रोखीवर गेले होते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ते कायमचे वळले ते नंतर, जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराला शुल्क नाही असं ठरलं आणि पाठोपाठ गल्ल्यावर तो बोलका डबा आला तेव्हा.

त्या डब्याकडे जरा नीट बघा. मंडईत भाजीवाल्या मावशींच्या टोपलीशेजारी असतो तो, ‘पन्नास रुपये प्राप्त झाले’ म्हणणारा. आत स्वतःचं सिमकार्ड असतं. त्याला येणारा निरोप एवढासा, रेंज जेमतेम असली तरी पोचणारा. मावशींचे हात ओले, समोर चार गिऱ्हाइकं, त्या फोन उघडून मेसेज कधी वाचणार? पैसे आले हे कानाने कळलं आणि व्यवहार तिथल्या तिथे पुरा झाला. वायरलेस नेटवर्कवरच्या व्यापाराचं इतकं चांगलं यंत्र माझ्या पाहण्यात दुसरं नाही, आणि त्याला पडदाही नसतो.

आता वडिलांच्या शंकेकडे येते. नेटवर्क कमजोर म्हणजे नक्की काय होतं? लोकांना वाटतं, वेग कमी पडतो. वेगापेक्षा खेपा नडतात. तहसील कचेरीत काम असलं की बस किती जोरात जाते याला फारसा अर्थ नसतो, खेपा किती माराव्या लागतात यावर सगळं असतं. तसंच आहे हे. अ‍ॅपचं एक पान उघडताना फोन सर्व्हरकडे आधी पत्ता विचारतो, मग जोडणी करतो, मग सुरक्षित संवादासाठी चाव्यांची देवाणघेवाण करतो, आणि त्यानंतर कुठे फोटो, भाव, शिल्लक असं एकेक मागवायला लागतो. चांगल्या ४जीवर एका खेपेला सेकंदाचा दहावा हिस्साही लागत नाही. रेंज घसरून जुन्या २जीवर आली की एकेका खेपेला अर्धा सेकंद, कधी त्याहून जास्त. मुळशीच्या खोऱ्यात किंवा वेल्ह्याच्या पुढे तर निम्म्या खेपा वाटेतच हरवतात आणि पुन्हा माराव्या लागतात. गिऱ्हाइकाला दिसतं फक्त गोल फिरणारं चक्र.

व्हॉट्सअ‍ॅपचा निरोप मात्र थांबून राहतो. रेंज नसताना लिहिला तरी फोनमध्ये पडून असतो, माणूस टेकाडावर गेला की निघतो. तुमचं उत्तरही तसंच वाट बघतं. पूर्वी एसएमएसचं हेच बलस्थान होतं. म्हणून मी दुकानदारांना सांगते: रेंज गेली तरी व्यवहार मरू नये अशी पद्धत बसवा. जे थांबू शकतं ते निरोपावर ठेवा. जे थांबू शकत नाही ते शक्य तितकं छोटं करा आणि गिऱ्हाईक रेंजमध्ये असेल तेव्हाच मागा.

थांबू न शकणारी पायरी एकच, पैसे भरायची. यूपीआयचा एक व्यवहार गिऱ्हाइकाच्या अ‍ॅपमधून निघून एनपीसीआय या यूपीआय चालवणाऱ्या संस्थेमार्गे त्याच्या बँकेत जातो, तिथे रक्कम वजा होते, मग तुमच्या बँकेत जमा होते आणि तशीच उत्तरं परत येतात. यात कुठेही उत्तर अडकलं तर पडद्यावर ‘पेंडिंग’. तुमच्या चॅटमध्ये अशी एक तरी ताई असेल जिने ‘पैसे गेले, तुम्हाला आले का?’ विचारलं, तुम्ही ‘नाही’ म्हणालात आणि ती परत फिरकली नाही. रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम असा आहे की दुकानदाराला यूपीआयने पैसे भरताना खात्यातून वजा झाले पण दुकानाकडे खात्री पोचली नाही, तर पाच दिवसांच्या आत ते आपोआप परत यायला हवेत, त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई. हे गिऱ्हाइकाला तुम्हीच, तिने विचारायच्या आधी, दोन ओळीत सांगा. आणि ‘पुन्हा भरा’ लगेच म्हणू नका. दोनदा पैसे गेलेलं गिऱ्हाईक कायमचं जातं.

इथे दुकानांत सर्रास दिसणारी चूक सांगते. पैसे मागताना लोक क्यूआर कोडचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. गिऱ्हाईक तो बघतंय त्याच फोनवर, मग स्कॅन कशाने करणार? तरुण मुलं फोटो गॅलरीत उतरवून तिथून उघडतात, त्यावरही काही वेळा रकमेची मर्यादा आड येते. बाकीचे सरळ सोडून देतात, किंवा ‘मुलगा आला की करते’ म्हणतात. मुलगा बंगळुरूला असतो. नारायण पेठेतल्या एका दुकानाला मी एवढंच बदलायला लावलं: क्यूआरऐवजी रक्कम आधीच भरलेली पेमेंट लिंक, आणि तीही गिऱ्हाइकाने ‘आता भरू शकतो’ म्हटल्यावर. ‘नंतर करते’ म्हणणारे लक्षात येण्याइतके कमी झाले. गेटवेची लिंक असेल तर कार्डाच्या पेमेंटवर दोन टक्क्यांच्या आसपास शुल्क जातं, गेटवे स्वतःचे वेगळे पैसेही लावू शकतो, ते आधी विचारून घ्या. आणि पैसे आल्याचा स्क्रीनशॉट हा पुरावा धरू नका, खात्यात बघा. खोटे स्क्रीनशॉट बनवायला आता मिनिटभरही लागत नाही.

वेल्ह्याच्या गिऱ्हाइकासाठी इंटरनेटशिवायचे मार्गही आहेत. *९९# हा क्रमांक फिरवून पैसे भरायची सोय आहे, मार्च २०२२ पासून साध्या फोनसाठी यूपीआय १२३पे आहे. पण खरं सांगायचं तर खरेदीसाठी ते वापरणारं गिऱ्हाईक माझ्या पाहण्यात जवळजवळ नाही. लोक नसरापूरला बाजाराला येतात तेव्हा रेंजमध्ये पैसे भरतात, नाहीतर पुण्यात येतात तेव्हा रोख देतात. त्यांच्यासाठी तुमच्या आजोबांची पद्धत चालू ठेवा: थोडा इसार, बाकी माल नेताना. निरोपावर ‘तुमचं घंगाळ रविवारपर्यंत बाजूला काढून ठेवलंय’ असा एक फोटो पाठवला की काम झालं. (विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोडवर फोनवरून दहा रुपये भरून बघा, म्हणजे कळेल की कमजोर नेटवर्क हा फक्त वेल्ह्याचा प्रश्न नाही.)

आता तुमच्या मालाबद्दल, कारण अ‍ॅपवाल्याने हे विचारलेलंही नसणार. तांब्याची भांडी तुम्ही वजनावर विकता, धातूचा भाव अधिक मजुरी. तांब्याचा भाव हलतो. अ‍ॅपमध्ये दोनशे वस्तूंच्या किमती रोज कोण बदलणार? नाही बदलल्या तर एक दिवस तोट्यात विकाल, नाहीतर ‘अ‍ॅपवर वेगळा, दुकानात वेगळा’ म्हणून वाद होईल. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसच्या कॅटलॉगमध्ये फोटो, लिटर, अंदाजे वजन टाका आणि भाव मात्र विचारणाऱ्याला त्या दिवसाचा सांगा, ‘४८ तास हाच भाव’ असं लिहून. फोटोत शेजारी हात किंवा पाण्याचा पेला ठेवा. ‘मोठं घंगाळ’ म्हणजे केवढं हे पडद्यावर कळत नाही आणि परत येणाऱ्या मालात मी हे कारण वारंवार पाहिलंय. मठारकाम जवळून दिसेल असा एक फोटो उन्हात काढलेला हवा. ठोक्यांचे डाग म्हणजे दोष नाही, हातकाम आहे, हे तांबट आळी न पाहिलेल्या माणसाला ठाऊक नसतं.

कुरिअरचं गणित त्याहून वाईट आहे. बरेच कुरिअरवाले लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन त्याला ५,००० ने भागतात आणि येईल तेवढे किलो धरतात. ५० बाय ५० बाय ३० च्या खोक्यात बांधलेलं घंगाळ काट्यावर पाच किलो भरेल, बिलात ते १५ किलो होईल. त्यात ते ‘पैसे घरी आल्यावर’ या बोलीवर पाठवलं आणि दारातून परत आलं, की जाण्यायेण्याचा दोन्ही खर्च तुमचा, आणि कडेला पोचा आलेला असला तर मजुरीही गेली. फ्लिपकार्टने २०१० मध्ये ही घरपोच रोखीची सोय सुरू केली तेव्हा लोकांचा कार्डावर विश्वास नव्हता म्हणून ती लागली होती. पुस्तकाला ती परवडते. घंगाळाला परवडत नाही. तुम्ही किमान कुरिअरचा खर्च आगाऊ घ्याच. आणि रिकामं घंगाळ कधी पाठवू नका: पोटात तांब्या, पेले, निरांजन असा संच बसवून विका, खोकं तेवढंच राहतं.

मग अ‍ॅप कोणाला लागतं? ज्याच्याकडे गिऱ्हाईक आठवड्याला येतं त्याला. दूध, किराणा, औषधं. घंगाळ माणूस दहा-पंधरा वर्षांत एकदा घेतो. त्यासाठी कोणी पन्नास एमबीचं अ‍ॅप उतरवून ठेवत नाही, आणि ठेवलं तरी फोन भरला की सगळ्यात आधी तेच उडवतो. मिंत्रासारख्या मोठ्या कंपनीने मे २०१५ मध्ये वेबसाइट बंद करून फक्त अ‍ॅप ठेवलं होतं, साधारण वर्षभराने वेबसाइट परत आणावी लागली. त्यांच्याकडे गिऱ्हाईक कपडे घ्यायला पुन्हापुन्हा येत होतं, तरी. तुमच्याकडे वरचेवर येणारं काम एकच आहे, कल्हई. पितळेची पातेली रोज वापरणाऱ्यांना ती पुन्हापुन्हा लागते आणि पुण्यात कल्हईवाला शोधणं आता सोपं राहिलेलं नाही. कोणाच्या भांड्यांना कधी कल्हई केली ती तारीख लिहून ठेवा आणि काही महिन्यांनी एक निरोप टाका. हे करायला अ‍ॅप लागत नाही, तारीख लिहायची सवय लागते.

हे सगळं कशावर अवलंबून आहे तेही सांगते. तुमचं गिऱ्हाईक मुख्यतः पुण्या-मुंबईतल्या इंटिरिअरवाल्यांचं किंवा हॉटेलांचं असेल, तर साधी, हलकी वेबसाइट लवकर करा. त्यांना पुढे पाठवायला दुवा लागतो आणि बिल लागतं. परराज्यात माल पाठवायचा असेल तर जीएसटी नोंदणीचा प्रश्न येतो, हस्तकलेच्या वस्तूंना काही सवलती आहेत, त्यात तुमचा कोणता माल बसतो हे सीएला विचारा. मोठ्या विक्री-संकेतस्थळावर फक्त महाराष्ट्रात विकणाऱ्या छोट्या दुकानदाराला ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणीची सक्ती सैल झाली आहे, पण तिथलं कमिशन आणि परतीचे नियम तुमच्या जड मालाला झेपतील असं मला वाटत नाही. आणि रात्री नऊ ते साडेअकरा फोनवर उत्तर देणारं घरात कोणी नसेल, तर यातलं काहीच करू नका. माझ्याकडच्या दुकानांत चौकशा येतात त्या प्रामुख्याने याच वेळी, शटर खाली गेल्यावर. सकाळी दिलेल्या उत्तराला तोवर दुसरं दुकान सापडलेलं असतं.

तर साडेचार लाख बाजूला ठेवा आणि दोनशे पानी वही आणा. मोबाइलवर काम करणारी बाई वही सांगते म्हणून हसू नका. चार आठवडे प्रत्येक चौकशीची एक ओळ: किती वाजता, कुठून, काय विचारलं, तुम्ही किती वेळाने उत्तर दिलंत, आणि कुठे थांबलं. भावावर, आकारावर, कुरिअरच्या खर्चावर, की पैसे भरताना? शेवटचा रकाना गिऱ्हाइकालाच विचारून भरा, ‘घेतलं नाहीत तरी चालेल, फक्त अडलं कुठे ते सांगा’. पुणेकर हे आनंदाने सांगतात, विचारलंत त्याच्या दुप्पट सांगतात.

वडिलांनाही त्यात ओढा. दुकानात येऊन ‘फोटो व्हॉट्सअ‍ॅप करा, घरी दाखवतो’ म्हणणारी माणसं त्यांच्यासमोर उभी असतात, तीही मोबाइलचीच गिऱ्हाइकं आहेत आणि ती तुमच्या हिशेबात सध्या कुठेच नाहीत. महिना झाला की नावं-नंबर झाकून पानांचे फोटो इथेच टाका. पैसे भरायच्या रकान्यात गर्दी दिसली तर लिंक कशी बसवायची ते मी सांगेन, कुरिअरच्या रकान्यात दिसली तर खोक्यांची मापं घेऊन या.